लंडनला मुक्काम, एका दिवसाची सहल: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

सोलापुरातील अनेक घरांतील मुले-मुली आज नोकरी-शिक्षणाच्या निमित्ताने लंडनमध्ये आहेत आणि त्यांचे आईवडील उन्हाळ्यात महिना-दोन महिने तिकडे राहून येतात. पहिल्या आठवडाभरात शहर पाहून होते, मुलगा-सून आपापल्या कामाला लागतात आणि मग सकाळी निघून रात्री घरी परतता येईल असे काही आसपास आहे का, असा प्रश्न पडतो. या विषयावर आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न: आम्ही पतीपत्नी मे महिन्यात मुलाकडे सहा आठवड्यांसाठी जात आहोत. विंडसर, स्टोनहेंज आणि बाथ ही तिन्ही ठिकाणे एकाच दिवशी दाखवून आणणारी बससहल मिळते, असे कळले. ती घ्यावी, की आपले आपण रेल्वेने जावे? (एक दाम्पत्य, होटगी रोड)

ती सहल घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांच्या हातात एकच दिवस आहे त्यांचा नाइलाज असतो. आपल्याकडे सहा आठवडे आहेत. तुळजापूर, अक्कलकोट आणि गाणगापूर एका दिवसात उरकणाऱ्या भाविकाचा दिवस जसा गाडीत आणि रांगेत जातो, तसाच या सहलीचाही जातो. नुसते बाथहून लंडनला परतायचे म्हटले तरी सुमारे १८५ किलोमीटरचा रस्ता आहे, आणि संध्याकाळी शहरात शिरताना वाहनांची कोंडी ठरलेली. या तीन ठिकाणांना तीन वेगळे दिवस द्यावेत आणि प्रत्येक वेळी रेल्वेने जावे.

सुरुवात विंडसरपासून करावी, कारण वॉटर्लू स्थानकातून थेट गाडी आहे आणि सुमारे तासाभरात आपण किल्ल्याच्या पायथ्याशी उतरतो. अकराव्या शतकात विल्यम राजाने उभारलेला हा किल्ला आजही राजघराण्याचे निवासस्थान आहे. तो सहसा मंगळवारी आणि बुधवारी पर्यटकांसाठी बंद असतो आणि आतील सेंट जॉर्ज चॅपल रविवारी केवळ प्रार्थनेसाठी उघडे राहते. त्यामुळे गुरुवार, शुक्रवार, शनिवार किंवा सोमवार निवडावा. राणी एलिझाबेथ दुसऱ्या यांची समाधी याच चॅपलमध्ये आहे. आत दोन गोष्टींसमोर मुद्दाम थांबावे. पहिली म्हणजे टिपू सुलतानाच्या सिंहासनावरील वाघाचे शिर. लाकडावर सोन्याचा पत्रा चढवलेला आहे, डोळे आणि दात स्फटिकाचे आहेत. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर ते सिंहासन तोडून त्याचे तुकडे वाटले गेले आणि हा तुकडा इथवर आला. त्याच्यासमोर उभे राहिल्यावर भारतीय माणसाच्या मनात काहीतरी हलल्याशिवाय राहत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे राणी मेरीचे बाहुलीघर. नवी दिल्लीची आखणी करणाऱ्या एडविन लट्यन्स यांनीच १९२४ मध्ये पूर्ण केलेल्या या छोट्याशा घरात दिवे लागतात, नळाला पाणी येते आणि ग्रंथालयात नखाएवढी खरी पुस्तके आहेत.

बाथला पॅडिंग्टनहून साधारण दीड तास लागतो. तेथील रोमन स्नानगृह पाहण्यासाठी दोन तास सहज लागतात आणि ते द्यावेतच. जमिनीतून ४६ अंश तापमानाचे पाणी दररोज सुमारे ११ लाख ७० हजार लिटर वर येते. रोमनांनी मोठ्या कुंडाच्या तळाला शिशाचे पत्रे बसवले होते आणि ते आजही जागेवर आहेत. कुंडातील पाण्याला हात लावता येत नाही, मात्र शुद्ध केलेले तेच पाणी चव घेण्यापुरते मिळते. मला तेथे सर्वांत जिवंत वाटल्या त्या शिशाच्या लहान पट्ट्या. कुणाचा अंगरखा चोरीला गेला, कुणाचे भांडे गेले, की तो माणूस पट्टीवर तक्रार कोरायचा, चोराला शिक्षा कर म्हणून सुलिस मिनर्व्हा देवीला साकडे घालायचा आणि पट्टी गुंडाळून कुंडात टाकायचा. अशा शंभराहून अधिक पट्ट्या सापडल्या आहेत. सम्राटांच्या पुतळ्यांपेक्षा रोमन काळातील सामान्य माणूस या पट्ट्यांमधून अधिक जवळून भेटतो. नंतर वेळ उरला तर १७७४ मध्ये पूर्ण झालेली, तीस घरांची अर्धवर्तुळाकार रॉयल क्रेसेंट ही रांग पाहावी. तेथवर चढ आहे.

स्टोनहेंजसाठी वॉटर्लूहून सॉल्झबरीला जावे आणि तेथून बस घ्यावी. ख्रिस्तपूर्व २५०० च्या सुमारास उभे केलेले ते प्रचंड दगड दोरीच्या अलीकडून पाहावे लागतात, हे आधीच माहीत असलेले बरे, म्हणजे हिरमोड होत नाही. लहान निळसर दगड दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या वेल्समधील टेकड्यांतून आणले होते, हे लक्षात ठेवून पाहिले की त्या वर्तुळाचे मोल कळते. परतताना सॉल्झबरीचे कॅथेड्रल चुकवू नये. त्याचा १२३ मीटर उंचीचा मनोरा ब्रिटनमधील चर्चच्या मनोऱ्यांत सर्वांत उंच आहे, आणि राजाच्या सत्तेला मर्यादा घालणाऱ्या १२१५ च्या मॅग्ना कार्टा या सनदेच्या शिल्लक राहिलेल्या चार प्रतींपैकी एक तेथे आहे.

तिकिटांविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण आपल्या लोकांचे पैसे येथेच वाया जातात. सोमवार ते शुक्रवार सकाळी साधारण साडेनऊपूर्वीच्या गाड्यांचे तिकीट खूप महाग असते, त्यानंतर निघावे. साठ वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही ज्येष्ठांचे रेलकार्ड घेता येते, त्यासाठी ब्रिटनचे रहिवासी असण्याची अट नाही. पासपोर्ट दाखवून ते तिकीट खिडकीवर मिळते आणि वर्षभर बहुतेक भाड्यांत एक तृतीयांश सवलत देते. साठीच्या आतील दोघे नेहमी बरोबरच प्रवास करणार असतील तर त्यांच्यासाठी दोघांचे मिळून एक वेगळे कार्ड असते. जाण्या-येण्याचे तिकीट एकत्र घेतल्यास ते अनेकदा एकेरी तिकिटापेक्षा किंचितच महाग पडते, म्हणून दोन एकेरी तिकिटे घेण्यापूर्वी चौकशी करावी. आगाऊ काढलेले स्वस्त तिकीट त्याच गाडीला लागू असते; गाडी चुकली की तिकीट गेले. रविवारी रुळांच्या दुरुस्तीमुळे गाड्या रद्द होऊन त्यांऐवजी बस सोडण्याचे प्रकार वारंवार घडतात, त्यामुळे रविवार लंडनमध्येच काढावा.

प्रश्न: माझे दोन्ही गुडघे दुखतात. काठी घेऊन मी चालते, पण चढ आणि जिने झेपत नाहीत. लेक म्हणते, “आई, तू चल, मी आहे ना.” तिच्यावर ओझे न होता मला कोठे जाता येईल? (निवृत्त शिक्षिका, जुळे सोलापूर)

आपण अवश्य जावे. केंब्रिज हे गाव जवळजवळ सपाट आहे, फक्त स्थानकापासून मध्यवस्ती सुमारे दोन किलोमीटर लांब असल्याने तेवढ्यापुरती बस घ्यावी. सॉल्झबरीही सोयीचे आहे. विंडसरचा किल्ला मात्र टेकडीवर आहे आणि ब्रायटनला स्थानकाकडून समुद्राकडे जाताना उतार लागत असल्याने येतानाचा चढ लक्षातच येत नाही; तेथे परतीला टॅक्सी करावी.

रेल्वेच्या साहाय्यसेवेची माहिती लेकीला द्यावी. आधी कळवून ठेवले तर कर्मचारी स्थानकावर चाकाची खुर्ची घेऊन येतात, गाडीला उतरता फळा लावून आत बसवतात आणि उतरण्याच्या स्थानकावर दुसरा कर्मचारी हजर राहतो. ही सेवा विनामूल्य आहे, परदेशी प्रवाशांनाही मिळते, आणि ती मागण्यात संकोच वाटण्यासारखे काहीच नाही.

प्रश्न: मुलगी बारावीत आहे. सुट्टीत मामाकडे लंडनला जाणार आहोत. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज एकाच दिवशी पाहता येईल का? नसेल तर कोणते निवडावे? (एक पालक, विजापूर रोड)

एकाच दिवशी नको. या दोन गावांमध्ये थेट रेल्वे नाही आणि दोन्हीकडे जाण्यासाठी लंडनमधील स्थानकेही वेगळी आहेत: ऑक्सफर्डसाठी पॅडिंग्टन किंवा मॅरिलबोन, केंब्रिजसाठी किंग्ज क्रॉस किंवा लिव्हरपूल स्ट्रीट. प्रत्येकी साधारण तासाभराचा प्रवास आहे.

मुलीचा ओढा गणित-विज्ञानाकडे असेल तर केंब्रिज निवडावे. मराठी घरांत ‘रँग्लर’ हा शब्द ज्यांच्यामुळे पोहोचला ते रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे तेथील सेंट जॉन्स कॉलेजचे विद्यार्थी. १८९९ मध्ये गणिताच्या परीक्षेत ते पहिल्या क्रमांकाचे म्हणजे सीनिअर रँग्लर ठरले आणि हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय होते. शेजारच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये १९१४ पासून श्रीनिवास रामानुजन होते, आणि १९६० च्या दशकात जयंत नारळीकर यांनी फ्रेड हॉइल यांच्यासह विश्वरचनेवर जे काम केले तेही याच गावात. रँग्लरांचे निकाल जेथे वाचून दाखवत त्या सिनेट हाउससमोर उभे राहून मुलीला ही नावे सांगावीत. दहा मिनिटांच्या अंतरात हा सारा इतिहास आहे. किंग्ज कॉलेजचे चॅपल पाहताना मान वर करून छत पाहायला विसरू नये. दगडाचे पंखे उलगडत जावेत तसे ते छत खांबांवरून दोन्ही बाजूंनी पसरत मध्यभागी मिळते. चॅपलचे काम १४४६ मध्ये सुरू झाले आणि छत १५१५ मध्ये पूर्ण झाले. मे आणि जूनच्या पूर्वार्धात परीक्षा असल्याने बरीच कॉलेजे पाहुण्यांना आत सोडत नाहीत; आपली सुट्टी नेमकी तेव्हाच येते, म्हणून निघण्याआधी प्रत्येक कॉलेजचे दिवस पाहून घ्यावेत.

कायदा, इतिहास, भाषा यांत रस असेल तर ऑक्सफर्ड. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८८९ मध्ये तेथील समरव्हिल कॉलेजात दाखल झाल्या आणि १८९२ मध्ये कायद्याच्या परीक्षेला बसल्या. ऑक्सफर्डमध्ये कायदा शिकलेल्या त्या पहिल्या स्त्री. पदवी मात्र, १९२० मध्ये विद्यापीठाने स्त्रियांना पदव्या देण्यास सुरुवात केल्यानंतरच त्यांच्या हाती पडली. बारावीतल्या मुलीने ही हकिगत त्या कॉलेजच्या दारात ऐकावी, असे मला मनापासून वाटते. बोडलियन ग्रंथालय आणि ॲश्मोलियन संग्रहालय हे तर पाहावेच. संग्रहालयाला प्रवेशशुल्क नाही.

प्रश्न: आमचे तीन पिढ्यांचे आयुष्य मागावर गेले. आजोबा गिरणीत होते, माझा स्वतःचा यंत्रमाग कारखाना आहे. राजवाडे पाहण्यात मला फार रस नाही. लंडनहून एका दिवसात जुनी कापडगिरणी पाहता येईल का? (यंत्रमागधारक, अक्कलकोट रोड एमआयडीसी)

आपल्या पत्राने मला विशेष आनंद झाला. भारतातील सुरुवातीच्या गिरण्यांची यंत्रे बव्हंशी लँकेशायरमधूनच बोटीने आली, त्यामुळे सोलापूरच्या माणसाने इंग्लंडात माग पाहायला जाणे हे अगदी योग्यच आहे.

सर्वांत सोयीचे ठिकाण म्हणजे हॅम्पशर परगण्यातील व्हिटचर्च हे छोटेसे गाव. वॉटर्लूहून सॉल्झबरीकडे जाणाऱ्या मार्गावरच ते आहे आणि पोहोचायला सव्वा तासाच्या आसपास लागतो. टेस्ट नदीच्या काठी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेली रेशमाची गिरणी तेथे अजून चालू आहे. ती आता संग्रहालय म्हणून जपली जाते, पण यंत्रे काचेत बंद केलेली नाहीत. व्हिक्टोरियन काळातील यंत्रांवर प्रत्यक्ष कापड विणले जाते. वकिलांच्या झग्यांचे रेशीम येथे विणले जात असे. कांड्या भरणे, ताणा काढणे, धोटा फेकणे ही सगळी कामे आपल्याला परिचयाची आहेत. तेथे ती लाकडी फळ्यांच्या जमिनीवर, नदीच्या आवाजात चाललेली दिसतील. आपण विणकर आहोत असे तेथील कामगाराला सांगावे. माग चालवणारी माणसे एकमेकांशी यंत्राच्या भाषेत बोलू शकतात आणि इतर पाहुण्यांना न मिळणारी माहिती आपल्याला मिळण्याचा पुष्कळ संभव आहे. गिरणी आठवड्याचे सातही दिवस उघडी नसते आणि माग दिवसभर चालू ठेवत नाहीत, म्हणून प्रात्यक्षिकाची वेळ आधी विचारून घ्यावी.

सुताच्या गिरणीचाच आग्रह असेल तर मँचेस्टरजवळ स्टायल येथे १७८४ मध्ये सॅम्युएल ग्रेग यांनी सुरू केलेली क्वारी बँक गिरणी आहे. युस्टन स्थानकातून मँचेस्टरला दोन तासांहून थोडा अधिक वेळ लागतो आणि पुढे आणखी प्रवास आहे. पाणचक्की, कातण्याची यंत्रे, चालू माग यांबरोबरच अनाथ मुलांना कामाला ठेवून जेथे राहायला जागा देत असत ते घरही तेथे पाहायला मिळते. गिरणीचा नफा कोणाच्या कष्टातून आला हे तेथे झाकून ठेवलेले नाही, आणि मला ते ठिकाण त्यासाठीच अधिक मोलाचे वाटते. एका दिवसात ते होते, पण पहाटे निघावे लागेल. शक्य असल्यास मँचेस्टरला एक रात्र मुक्काम करावा.

प्रश्न: मी निवृत्त सैनिक आहे. पहिल्या महायुद्धात लढलेल्या भारतीय सैनिकांचे स्मारक लंडनच्या जवळपास आहे असे ऐकले. तेथे जाता येईल का? (एक माजी सैनिक, बार्शी)

जरूर जाता येईल, आणि माझ्या मते लंडनहून करण्याच्या सहलींत भारतीयांसाठी याहून मोठी सहल नाही. त्यासाठी ब्रायटनला जावे. व्हिक्टोरिया स्थानकातून साधारण तास लागतो.

ब्रायटनचा रॉयल पॅव्हिलियन हा राजवाडा पुढे चौथा जॉर्ज झालेल्या राजपुत्रासाठी जॉन नॅश यांनी १८१५ ते १८२२ या काळात आजच्या रूपात आणला. बाहेरून घुमट आणि मिनार भारतीय धाटणीचे, आत सजावट चिनी. डिसेंबर १९१४ पासून सुमारे वर्षभर याच राजवाड्यात फ्रान्समधील रणांगणावरून आलेल्या जखमी भारतीय सैनिकांचे रुग्णालय होते. झुंबरांखाली खाटांच्या रांगा होत्या, निरनिराळ्या धर्म-जातींच्या सैनिकांसाठी नऊ स्वयंपाकघरे आवारात उभारली होती, हिंदू आणि मुसलमान सैनिकांसाठी पाण्याचे नळ वेगळे होते. ऑगस्ट १९१५ मध्ये सुभेदार मीर दस्त यांना पंचम जॉर्ज राजाने व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटनचा सर्वोच्च शौर्यपुरस्कार दिला तो याच आवारात. राजवाड्याच्या दक्षिणेकडील दरवाजा भारतीयांनी ब्रायटनकरांना कृतज्ञतेने दिलेला आहे. १९२१ मध्ये पतियाळाच्या महाराजांनी त्याचे अनावरण केले.

जे सैनिक बरे झाले नाहीत त्यांपैकी ५३ हिंदू आणि शीख जवानांवर गावाबाहेरच्या टेकड्यांवर अग्निसंस्कार झाले. त्याच जागी पांढऱ्या संगमरवराची, आठ खांबांवर घुमट असलेली छत्री उभी आहे. मुंबईचे तरुण वास्तुरचनाकार ई. सी. हेन्रिक्स यांनी तिचा आराखडा केला आणि १ फेब्रुवारी १९२१ रोजी तिचे अनावरण झाले. जेथे चिता रचल्या होत्या ते चौथरे आता ग्रॅनाइटच्या तीन शिळांनी झाकलेले आहेत, आणि लेख इंग्रजीबरोबर हिंदी, पंजाबी व उर्दूतही कोरलेला आहे. २०१० मध्ये जवळच वेगळ्या दगडावर त्या सैनिकांची नावे कोरण्यात आली. मुसलमान सैनिकांना येथे न आणता वोकिंगच्या शाहजहान मशिदीजवळ दफन केले गेले. भोपाळच्या बेगमच्या देणगीतून १८८९ मध्ये बांधलेली ही मशीदही वॉटर्लूहून अर्ध्या तासावर आहे.

छत्रीपर्यंत मोटार जात नाही. ब्रायटनहून स्थानिक बसने पॅचमला उतरावे आणि तेथून मेंढ्या चरत असलेल्या कुरणांतून चढण चढत पायी जावे. पावसानंतर वाट निसरडी होते, तेव्हा बूट चांगले असावेत. वरती पाणी, दुकान किंवा आडोसा काहीही नाही. दर वर्षी जूनमध्ये तेथे मानवंदनेचा कार्यक्रम होतो. आपला प्रवास तेव्हाचा असेल तर आपली पदके बरोबर न्यावीत.

प्रश्न: आम्ही शाकाहारी आहोत. दिवसभर बाहेर राहायचे तर जेवणाचे काय? कडक भाकरी आणि शेंगा चटणी नेली तर चालेल का? (एक गृहिणी, अशोक चौक)

भाकरी आणि चटणी खुशाल न्यावी. प्रवासासाठी त्याहून टिकाऊ शिदोरी नाही, आणि रेल्वेत बसून स्वतःचे खाण्यास कोणी हरकत घेत नाही. भारतातून नेताना दूध आणि दुधाचे पदार्थ मात्र चालत नाहीत. पेढे, खवा, घरचे तूप हे सारे विमानतळावर जप्त होऊ शकते. वाटेत काही घ्यायचे झाल्यास स्थानकावरील दुकानांतील पाकिटांवर शाकाहारी असल्याचे स्पष्ट लिहिलेले असते. तरीही अंडे चालत नसेल तर पाठीमागची घटकांची यादी वाचावी, कारण तेथे शाकाहारी पदार्थांत अंडे धरले जाते. गरम हवे असल्यास भाजलेला सालीचा बटाटा, त्यावर चीज किंवा घेवड्याच्या दाण्यांची उसळ, हा पदार्थ बहुतेक साध्या उपाहारगृहांत मिळतो.

प्रश्न: लंडनहून पॅरिसला रेल्वेने सव्वादोन तासांत जाता येते. मग सकाळी जाऊन रात्री परत का येऊ नये? (एक वाचक, सात रस्ता)

अंतर आड येत नाही, व्हिसा येतो. ब्रिटनचा व्हिसा फ्रान्समध्ये चालत नाही. त्यासाठी शेंगेन व्हिसा लागतो आणि अल्पमुदतीच्या भेटीवर ब्रिटनला जाणाऱ्यांनी तो भारतातूनच काढून न्यावा. परत लंडनमध्ये शिरायचे असल्याने ब्रिटनचा व्हिसा एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा आहे ना, हेही पाहून घ्यावे. शिवाय सेंट पँक्रस स्थानकावर तपासणीसाठी बरेच आधी हजर व्हावे लागते आणि फ्रान्सचे घड्याळ एक तास पुढे असल्याने सकाळचा तेवढा वेळ जातो. एवढा खटाटोप करून व्हिसा काढणारच असाल तर पॅरिसला किमान दोन रात्री राहावे.

प्रश्न: आम्हाला डिसेंबरमध्येच रजा मिळते. तेव्हा अशा सहली होतात का? (एक बँक कर्मचारी, रेल्वे लाइन्स)

होतात, पण दिवस लहान असतो. जूनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड असतो, तर डिसेंबरात दुपारी चारच्या आधीच सूर्य मावळतो. म्हणून हिवाळ्यात उघड्यावरची ठिकाणे, म्हणजे स्टोनहेंज किंवा ब्रायटनची छत्री, टाळावीत आणि बाथ, विंडसर, ऑक्सफर्ड अशी छताखाली पाहण्याजोगे भरपूर असलेली गावे निवडावीत. २५ डिसेंबरला रेल्वे जवळजवळ पूर्ण बंद असते आणि २६ तारखेलाही गाड्या फार थोड्या धावतात. त्या दोन दिवसांत लंडनबाहेर जाण्याचा बेत आखू नये.